ट्रेलर पूर्वेचा, हौस पश्चिमेची

साताऱ्याहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून सारांश असा.

ताई ४८ वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरीला. राहणं शाहूपुरीत, बोळातल्या घरात. यजमान ५३ वर्षांचे. एमआयडीसीत त्यांचं स्वतःचं लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मुलगी पुण्यात शिकते, मुलगा अकरावीत. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. यजमानांनी पुण्याजवळ एक जुना कॅम्पिंग ट्रेलर हेरून ठेवला आहे. चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, आत संडास, रिकामं वजन ९०० किलो, किंमत साडेसहा लाख. पुढच्या महिन्यात मुदत ठेव सुटते आहे, तेवढीच रक्कम. ओढायला घरची सात सीटची डिझेल गाडी आहे, वजन १,७०० किलोच्या आसपास.

यजमानांचं म्हणणं असं, की हॉटेलचा खर्च कायमचा वाचेल. आई मागे पलंगावर आडव्या पडून येतील. कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, मनाला येईल तिथे मुक्काम करता येईल. आणि आपण वापरत नसू तेव्हा ट्रेलर भाड्याने देता येईल. दारात जागा नाही, पण देगाव रस्त्याला मित्राच्या गोडाऊनमध्ये महिना १,५०० रुपयांत उभा राहील.

ताई लिहितात: "गेल्या तीन वर्षांत आम्ही घराबाहेर ११ रात्री राहिलो. त्यातल्या ४ लग्नघरी. मे महिन्यात तापोळ्याला दोन खोल्या घेतल्या होत्या, जेवणासकट दिवसाला ५,००० पडले. नको म्हणावं तर मी हौस मोडणारी ठरते. हो म्हणावं तर पैसे बुडताना उघड्या डोळ्यांनी बघायचं. काय करू?" आणि खाली ताजा कलम: "विकणारा रविवारपर्यंत २५,००० टोकन मागतोय."

ताई,

तुमचं पत्र वाचताना मला आमच्या घरामागचा कडुनिंब आठवला. त्याच्याखाली आमची एक जुनी व्हॅन अकरा वर्षं उभी होती. माझ्या मोठ्या दिरांनी आणि आमच्या यांनी मिळून ती घेतली, मागची बाकं काढली, लाकडी फळ्या टाकल्या, खिडक्यांना पडदे शिवले. पडदे मीच शिवले. पहिल्या वर्षी आम्ही गणपतीपुळ्याला जाऊन आलो, दुसऱ्या वर्षी पंढरपूरला. तिसऱ्या वर्षी बॅटरी उतरली आणि चौथ्या वर्षापासून तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या. शेवटी भंगारवाल्याने नेली तेव्हा सीटखाली उंदरांचं आख्खं बाळंतपण निघालं. दोष गाडीचा नव्हता. आम्ही जाणारेच नव्हतो, एवढंच आम्हाला ती घेताना कळलं नव्हतं.

म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एक वाक्य. ११ रात्री, त्यातल्या ४ लग्नाच्या. म्हणजे तीन वर्षांत हौसेने बाहेर काढलेल्या रात्री सात. वर्षाला सव्वादोन. बहुतेक घरांत हा आकडा कुणाला माहीतच नसतो. सगळे म्हणतात, "आम्ही खूप फिरतो." तुम्ही मोजलंत, याचा अर्थ निम्मं उत्तर तुमच्याजवळ आधीच आहे.

आता राहिलेल्या अर्ध्याचा हिशेब मांडू. काही आकडे तुमचे, काही माझ्या अंदाजाचे. यजमानांना वेगळे वाटले तर त्यांनी बदलून बेरीज करावी. ट्रेलर आठ वर्षं ठेवलात आणि नंतर अडीच लाखांना गेला असं धरू. चार लाखांची घट, म्हणजे वर्षाला ५०,०००. साडेसहा लाख ठेवीतच राहिले असते आणि सात टक्के व्याज मिळालं असतं, तर वर्षाचे ४५,५००. गोडाऊनचं भाडं १८,०००. विमा, टायर, बॅटरी, रबराची सीलं, बेअरिंगचं ग्रीस, सटरफटर दुरुस्त्या मिळून २०,०००. बेरीज १,३३,५००. ट्रेलर जागचा हलला नाही तरी हा खर्च होतोच. डिझेल यात धरलेलंच नाही, आणि मागे टनभर वजन लावल्यावर घाटात गाडी किती पिते हे यजमानांना वेगळं सांगायला नको.

आता हे रात्रींमध्ये वाटा. तापोळ्याच्या ५,००० शी बरोबरी साधायची तर वर्षाला २७ रात्री ट्रेलरमध्ये काढाव्या लागतील. १५ रात्री काढल्या तर एक रात्र ८,९०० ला पडते. आणि तुमच्या आजच्या सवयीप्रमाणे दोन-तीनच काढल्या, तर त्या भावात मुंबईच्या समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात पाय पसरून झोपता येईल, सकाळचा नाश्ता कुणीतरी खोलीत आणून देईल.

२७ रात्री. तुमच्या किरकोळ रजा किती? वर्कशॉपची डिलिव्हरी मार्चअखेर असते ना? शिवाय मुलगा अकरावीत आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तर ते पत्रातलं सगळ्यात ठळक वाक्य वाटलं. पुढचं वर्ष बारावीचं, मग सीईटी, मग प्रवेशाच्या याद्या. मराठी घरात बारावीच्या वर्षी टीव्हीवरसुद्धा कापड पडतं, तिथे ट्रेलर कोण बाहेर काढणार? म्हणजे पहिली दोन वर्षं तो गोडाऊनमध्येच. झोपायला जागा मिळत नाही म्हणून तुमचं फिरणं अडलेलं नाही, ते रजेपायी अडलंय. रजा काही ट्रेलरबरोबर मिळत नाही.

यजमानांच्या मुद्द्यांकडे वळते, कारण त्यातले दोन पैशांहून महत्त्वाचे आहेत.

पहिला सासूबाईंचा. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, आडवं पडणं तर सोडाच. आत सीटबेल्ट नसतो, ओटा, कपाटं, भांडी सगळं सैल असतं, आणि गाडीने करकचून ब्रेक मारला की मागच्या खोलीत काय होतं ते ऊस भरलेल्या ट्रॉलीमागून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळेल. ब्रिटनमध्ये, जिथे हा छंद जुना आहे, तिथे ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे अशाच घरगाडीत, माणसं बसवायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे सासूबाई प्रवासभर गाडीच्या सीटवरच असणार, आजच्यासारख्याच. वर ट्रेलरची पायरी चढायची, ती जमिनीपासून चांगली गुडघाभर उंच असते.

त्यांची खरी अडचण मला वेगळी वाटते. पत्रात तुम्ही लिहिलंय, "आई हल्ली कुठे यायला नको म्हणतात." गुडघे दुखणारी बाई प्रवासाला नको म्हणते तेव्हा दहापैकी आठ वेळा कारण संडास असतो. ढाब्यावरचा उकिडवा, ओला, कडी नसलेला. त्या तुम्हाला तसं तोंडाने सांगणार नाहीत. मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, दोन-तीन हजारांत. ती डिकीत टाका, आणि खोली ठरवताना "तळमजला आहे का, कमोड आहे का" एवढं फोनवर आधी विचारा. साडेसहा लाखांमधला निदान एक प्रश्न तिथे सुटेल. हे मी केवळ तुम्हाला सांगत नाहीये. घरात सत्तरीपुढचं माणूस असलेल्या सगळ्यांनी ही खुर्ची घेऊन ठेवावी.

दुसरा मुद्दा स्वयंपाकाचा. "हॉटेलचा खर्च वाचेल" हे यजमान कशाच्या जोरावर म्हणतात? ओट्याच्या. त्या ओट्यापाशी कोण उभं राहणार, हे तुमच्या चार पानांत कुठेच नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, कारण ते तुम्ही दोघांनीही गृहीत धरलंय. तापोळ्याच्या ५,००० मध्ये दोन वेळचं जेवण होतं, चहा होता, ताटं कुणीतरी उचलून नेत होतं. ट्रेलरमध्ये पोह्यांपासून भांड्यांपर्यंत सगळं तुमच्याकडे येईल. तेही हात लांब केला तर भिंतीला लागेल एवढ्या जागेत, पाणी मोजून वापरत. बामणोलीच्या पाण्याकाठी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतील तर शाहूपुरी काय वाईट आहे?

यावर एक गंमत सांगते. निव्वळ हौसेखातर घरगाडी बांधून घेऊन फिरणाऱ्यांत पहिलं नाव घेतात ते गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातल्या निवृत्त डॉक्टरांचं. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात घोड्यांनी ओढायची घरगाडी बनवून घेतली, नाव ठेवलं 'वाँडरर'. डॉक्टरसाहेब मजेत फिरले. पण बरोबर गाडीवान होता आणि कामाला गडी होता. स्वातंत्र्याची ही गोष्ट सांगताना त्या दोघांची नावं कुणी घेत नाही. तुमच्या ट्रेलरवर गाडीवान यजमान होतील, हौसेने होतील. गडी कोण, ते आधीच ठरवून घ्या. आठवड्याच्या सहलीत चार दिवस स्वयंपाक यजमान आणि चिरंजीव करणार, भांडीही तेच घासणार, संडासाची टाकी रिकामी करण्याचं काम कायमचं यजमानांकडे. कबूल असेल तर माझा विरोध निम्मा कमी.

आता 'मनाला येईल तिथे' या शब्दांबद्दल. सातारकरांना हे मी सांगणं म्हणजे जरा आगाऊपणाच, पण आपल्या जिल्ह्याचे दोन जिल्हे आहेत. पश्चिमेला घाट, जंगल, पाऊस. पूर्वेला माण-खटाव-फलटणचा उघडा, सपाट, कोरडा मुलूख. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माणमध्ये पाचशेची मारामार. ट्रेलरला कुठला मुलूख मानवतो? सरळ रस्ता, रुंद वळणं, कोरडी हवा, टणक सपाट जमीन. म्हणजे पूर्वेचा. आणि तुमच्या यजमानांच्या यादीत काय आहे? कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर. सगळं पश्चिमेचं. यादीत एकसुद्धा गाव पूर्वेचं नाही.

यवतेश्वराच्या घाटातून कासला जाताना समोरून बस आली की साध्या गाडीलाही कडेला दबून उभं राहावं लागतं. मागे दहा-बारा फुटांची खोली असताना तुम्ही मागे घेणार कसे? ट्रॉली रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते. कारखान्याच्या गव्हाणीवर ट्रॅक्टरवाली पोरं ते डोळे मिटून करतात, पण ती रोज करतात. केळघरचा घाट, पसरणीचा घाट, आंबेनळी, प्रत्येकात अशी वळणं आहेत जिथे ट्रेलरचं आतलं चाक कडा सोडून चालतं. आणि पोचल्यावर? कासचं पठार राखीव वन आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे मुक्काम ठोकता येत नाही. फुलांच्या हंगामात तर साध्या गाड्याही लांबच्या पार्किंगमध्ये सोडाव्या लागतात. कोयनेचं अभयारण्य आणि चांदोलीचं उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथेही तेच. राहिली खासगी शेतं आणि कॅम्पवाल्यांच्या जागा. तिथे पैसे मोजून ट्रेलर उभा करायचा, पाण्याचे आणि विजेचे वेगळे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं. पण युरोपात जशा गावोगाव वीज-पाणी-मैल्याची सोय असलेल्या जागा आहेत, तसं आपल्याकडे अजून नाही. 'कुठेही थांबू' म्हणणारा माणूस संध्याकाळी सहाला पेट्रोल पंपाच्या मागे जागा शोधत फिरतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

अंधारात अनोळखी जागी मुक्काम करायचं भय तुम्ही लिहिलं नाहीत. मी लिहिते.

तरीसुद्धा हा छंद वेडेपणाचा आहे, असं मी म्हणणार नाही. आपला मुलूख चालत्या घरांना नवखा नाही. माणदेशातले मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून दर वर्षी वाट धरतात. ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतर आख्खा संसार ट्रॉलीत घालून येते. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत जाते, तेव्हा प्रत्येक दिंडीचा ट्रक तंबू, कढया, पिठाची पोती घेऊन पुढच्या तळावर आधी हजर असतो. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: आधी जाणं ठरलेलं असतं, मग गाडी जुळवलेली असते. तुमच्याकडे गाडी आधी येते आहे आणि जाणं मागून येईल अशी आशा आहे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातली कोंबडीसुद्धा अजून बाजारातच आहे.

भाड्याने देण्याचा बेत तर आजच सोडा. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने फिरवता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी लागते, विमा वेगळा लागतो. उद्या भाडेकऱ्याच्या हातून ट्रेलर कुणाच्या अंगावर गेला तर विमा कंपनी हात वर करील आणि कागदावर नाव यजमानांचं असेल.

यजमान फॅब्रिकेशनवाले आहेत म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. हा भाग त्यांना वाचायला द्या. "हुक मीच वेल्ड करतो" किंवा "एवढे कशाला द्यायचे, आख्खा ट्रेलर मीच बनवतो" हे विचार मनात आले असतील तर हातातलं काम बाजूला ठेवा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते. मंजूर नमुन्याशिवाय घरी बनवलेला ट्रेलर आरटीओत नोंदवून मिळणं अवघड आहे. आणि गाडीला परवानगीशिवाय केलेला फेरबदल विम्याच्या वेळी आडवा येतो. गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाचा आकडा दिलाय का बघा. नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. सर्व्हिस सेंटरवरच्या पोराचं "चालतंय की साहेब" लेखीत धरू नये.

वजनाबद्दल बाहेर एक जुना ठोकताळा आहे: नवख्या माणसाने गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड ट्रेलर ओढू नये. तुमच्या गाडीला तो आकडा १,४४५ येतो. ९०० किलोच्या ट्रेलरमध्ये ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, बॅटरी, गाद्या, भांडी, धान्य, सगळं धरून साडेअकराशेपर्यंत जाईल. कागदावर बसतं. पण जड सामान चाकांच्या मागे भरलं आणि हुकवरचा भार हलका झाला, की उतारावर ट्रेलर शेपटीसारखा वळवळायला लागतो आणि गाडीलाच हलवतो. एवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. बऱ्याच ट्रेलरांत ते ढकल्यावर चालतात, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. लांब उतारावर ते तापत जातात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथे दुप्पट लागू. आत घरगुती सिलिंडर नको. पाच किलोचा छोटा पुरे, तोही प्रवासात बंद, आणि शेगडी चालू असताना खिडकी उघडी. बंद खोलीत जळलेल्या गॅसचा धूर दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो.

मग करायचं काय?

मला वाटतं, यजमानांना ट्रेलर नको आहे. किंवा नुसता ट्रेलर नको आहे. ५३ वर्षांचा, दिवसभर लोखंड कापणारा माणूस एकदम चाकावरचं घर बघून येतो आणि त्याचे डोळे चमकतात, तेव्हा त्याला बाहेर पडायचं असतं. ते हसण्यावारी नेऊ नका. "वर्षाकाठी किती रात्री?" हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तो साडेसहा लाखांच्या भांडणात विचारला की टोमणा होतो. त्याऐवजी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि दोघांनी मिळून येत्या वर्षातल्या बारा रात्रींवर पेन्सिलीने गोल करा. गाडी तीच, खोल्या किंवा तंबू. चांगला चौघांचा तंबू, घडीचे पलंग, छोटी शेगडी, दिवे, पंखा हे सगळं २५-३० हजारांत बसतं आणि माळ्यावर मावतं. शेगडी यजमानांनी चालवायची. सुरुवात पूर्वेकडून करा. हिवाळ्यात मायणीच्या तलावावर पक्षी बघायला जा, फलटण करा, एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यात परवानगीने तंबू ठोका. माणचं थंडीतलं आभाळ रात्री किती खाली येतं ते मुलालाही एकदा दिसू दे, बारावीच्या आधी.

बारापैकी आठ रात्री खरंच झाल्या, तर पुढच्या वर्षी घरगाडी भाड्याने घेऊन एक चार दिवसांची सहल करा. पुण्या-मुंबईकडे चालकासकट मिळतात. महाग वाटेल, पण ती शिकवणीची फी आहे. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणं घडी करताना सगळ्यांचे चेहरे कसे आहेत ते बघा. तेव्हाही सगळे म्हणाले, "आणखी दोन दिवस," तर मुलाची बारावी झाल्यावर ट्रेलर घ्या आणि हिशेबाची वही फाडून टाका. पण तेव्हा 'बचत होईल' म्हणून घेऊ नका, हौस म्हणूनच घ्या. कुणाची हौस गाण्याच्या क्लासला जाते, कुणाची शर्यतीच्या बैलाला. बैल पोसणारा कधी खोंडाच्या दूधउत्पन्नाचा हिशेब मांडत नाही.

भागीदारीत घ्यायचं यजमानांच्या मनात असेल, म्हणजे तीन मित्र, दोन-दोन लाख, तर भाऊबंदकीतली विहीर आठवा. पाणी भरपूर असतं तोवर पाळ्या सुरळीत. मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा आणि दिवाळीचे चार दिवस कुणाचे, टायर फाटला तर कुणाच्या पाळीत फाटला, हे स्टँपपेपरवर लिहून घेता येत असेल तरच.

अशा पेचात असलेल्या इतर वाचकांनाही सांगते: निवृत्त झालेलं, गुडघे शाबूत असलेलं जोडपं, स्वतःच्या जागेत ट्रेलर उभा करण्याची सोय, वर्षाचे तीसेक दिवस खरोखर रस्त्यावर; किंवा कुत्रं आहे म्हणून कुठलंच लॉज घेत नाही; किंवा गावोगावच्या प्रदर्शनांत, यात्रांत माल विकायचा धंदा. यांचा हिशेब निराळा येतो. तुमचा आज तसा नाही.

रविवारी टोकन देऊ नका. पण बघायला जरूर जा, दोघं मिळून, मुलालाही न्या. पुण्याला मुलीची भेट होईल. आरसीचं मूळ पुस्तक मागा, त्यावरचा चासी नंबर ट्रेलरवरच्या नंबराशी यजमानांना ताडून पाहू दे. कर्जाचा बोजा उतरलाय का, विमा कुठवर भरलाय ते बघा. टायरच्या कडेला चार आकडी अंक असतो; पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल तर नक्षी कोरी करकरीत असली तरी तो टायर गेलेला. मग दार बंद करून आत दोन मिनिटं उभ्या राहा आणि वास घ्या. कुबट आला तर पाणी मुरतंय. टॉर्च घेऊन पलंगाखालचे कोपरे आणि खिडक्यांच्या खालची फळी बोटाने दाबून बघा. ट्रेलर चाकांनी मरत नाहीत, पाण्याने मरतात, आणि हे काम तुम्ही करा, यजमान तोवर चासी बघण्यात रंगलेले असतील. बोट आत गेलं तर काही बोलू नका. त्यांना हाक मारा आणि तिथेच बोट ठेवायला सांगा.